ओरेगॉन: मतपत्रिकेवरचा सारांश दिशाभूल करणारा वाटला, तर हरकत कशी घ्यायची?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९०२ पासून नागरिक स्वतः कायद्याचा प्रस्ताव मांडून तो थेट मतदानाला नेऊ शकतात. मूळ मसुदा फार थोडे जण वाचतात; बाकीचे मतपत्रिकेवरच्या मजकुरावरूनच मत ठरवतात. या मजकुराला बॅलट टायटल म्हणतात. तो अॅटर्नी जनरलचं, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचं, कार्यालय लिहितं. मथळा जास्तीत जास्त १५ शब्दांचा, 'हो' जिंकल्यास काय होईल ते २५ शब्दांत, 'नाही' जिंकल्यास काय तेही २५ शब्दांत, आणि निःपक्षपाती सारांश १२५ शब्दांत.

प्रस्तावकांनी १,००० सह्या जमवून दिल्या की टायटलचा कच्चा मसुदा निघतो. तो जाहीर झाल्यावर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्यातल्या निवडणुका सांभाळणारा अधिकारी) लेखी हरकती पाठवायला कामकाजाचे १५ दिवस मिळतात. ही पायरी चुकवू नका. पुढे कोर्टात जायचं असेल तर तुम्ही नोंदणीकृत मतदार असायला हवं आणि मुदतीत लेखी हरकत दिलेली हवी. शिवाय जो मुद्दा हरकतीत नव्हता, तो कोर्टात काढता येत नाही. अंतिम टायटलमध्ये नवा मजकूर घुसला असेल, तर तेवढ्यापुरता अपवाद.

प्रस्ताव चांगला की वाईट, यावर हरकतीत एक ओळही खर्च करू नये. बोट शब्दांवर ठेवायचं. समजा, प्रस्तावातली करसवलत पाच वर्षांनी संपणार आहे, पण मथळ्यात नुसतं 'घरमालकांना करसवलत' आहे. मग असं लिहा: 'मथळ्यातून मुदत गळली आहे, त्यामुळे सवलत कायमची असल्याचा समज होतो.' सोबत शब्दमर्यादेत बसणारा पर्यायी मथळा सुचवा. 'हो' आणि 'नाही'ची वाक्यं शक्य तितकी एकाच घडणीची असावीत असं कायदाच सांगतो. एक बाजू गोड आणि दुसरी भीतिदायक वाटत असेल, तर तेही नोंदवा.

हरकती वाचून अॅटर्नी जनरल अंतिम टायटल प्रमाणित करतात. त्यानंतर कामकाजाच्या १० दिवसांत अर्ज थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात करायचा. खालच्या कोर्टांच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. अर्जाला प्रमाणित टायटलची प्रत जोडा, आणि तुम्ही मतदार आहात व हरकत वेळेत दिली होती, हे त्यात स्पष्ट लिहा. नमुना न्यायालयाच्या अपील नियमावलीत, नियम ११.३० खाली आहे. कोर्ट फी वेगळी. अर्ज दाखल केल्याची लेखी सूचना पुढच्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पोचायला हवी. धावपळीत नेमकं हेच राहून जाण्याचा धोका असतो.

हे सगळं फक्त टायटलपुरतं. मतदारांसाठी निघणाऱ्या माहितीपुस्तिकेतलं प्रस्तावाचं स्पष्टीकरण वेगळी समिती लिहिते. त्यावरच्या हरकतीचा रस्ता निराळा.

टायटल याहून बरं लिहिता आलं असतं, एवढ्यावर न्यायालय हात घालत नाही. कायद्याच्या अटी मोठ्या अंशी पाळल्या आहेत की नाही, इतकंच ते पाहतं. पाळल्या नसतील, तर स्वतः दुरुस्ती करतं किंवा टायटल अॅटर्नी जनरलकडे परत पाठवतं.