अटॅचमेंट स्टाईल, जेंडर आणि होमोफोबिया

गे, लेस्बियन लोकांबद्दल मनात जी भीती, किळस किंवा राग असतो त्याला होमोफोबिया म्हणतात, आणि तो कुणात जास्त, कुणात कमी का हे शोधताना मानसशास्त्रवाल्यांनी अटॅचमेंट स्टाईलकडे पण बघितलंय, म्हणजे लहानपणी सांभाळणाऱ्यांशी नातं कसं होतं आणि त्यातून मोठेपणी माणूस जवळच्यांवर किती भरवसा टाकतो. मूळ थिअरी जॉन बोल्बीची, मेरी एन्सवर्थने लहान मुलांचं निरीक्षण करून ती पुढे नेली, १९९१ मध्ये बार्थोलोम्यू आणि होरोविट्झने मोठ्यांचे चार प्रकार मांडले: सिक्युअर (जवळच्यांवर निर्धास्त भरवसा), प्रीऑक्युपाइड (आपल्याला सोडून जातील याची सतत काळजी), डिसमिसिंग (मला कुणाची गरजच नाही म्हणणारा) आणि फिअरफुल.

इथे फिअरफुल महत्त्वाचा. या माणसाला जवळीक हवी पण असते आणि तिची धास्तीही वाटते. २०१५ च्या एका इटालियन अभ्यासात विद्यार्थ्यांमध्ये फिअरफुल स्टाईल आणि जास्त होमोफोबिया यांचा संबंध दिसला. उलट मिकुलिन्सर आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांच्या २००१ च्या प्रयोगांत सुरक्षित नात्याची भावना नुसती जागवली तरी आपल्या गटाबाहेरच्यांबद्दलचा आकस कमी झाला, मला तर हे फार आशेचं वाटतं.

जेंडरचा फरक मात्र जास्त ठळक आहे. सरासरी पुरुषांचा विरोध बायकांपेक्षा जास्त निघतो, त्यातही गे पुरुषांबद्दल, लेस्बियन बायकांबाबत हा फरक कमी होतो. कारण मर्दपणा सारखा सिद्ध करत राहायला लागतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांमध्ये कुणी जरा हळवं बोललं की लगेच 'बायल्या' म्हणतात, आणि ज्याला आधीच नाकारलं जायची भीती आहे तो पोरगा स्वतःवर शंका येऊ नये म्हणून सगळ्यात मोठ्याने हसतो. ऐकणारा एखादा गे मुलगा तिथेच बसलेला असू शकतो, त्याचं काय होत असेल?

पण अटॅचमेंट स्टाईल आणि होमोफोबिया यांच्यात नुसता संबंध दिसतो, एकामुळे दुसरं होतं असं नाही. बालपण अवघड गेलं म्हणून कुणी द्वेष करतोच असं नाही, आणि कुणाला छळायची ती सबबही होत नाही. कट्टर धार्मिकता, शिक्षण, ओळखीत कुणी गे असणं यानेही फरक पडतो. पुण्यात बिंदुमाधव खिरेंनी २००२ मध्ये गे, लेस्बियन वगैरे लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट सुरू केला, २०११ मध्ये तिथे पहिली प्राइड, म्हणजे या लोकांची अभिमानाने काढलेली मिरवणूक, निघाली, त्यामुळे अशी ओळख व्हायची शक्यता तरी वाढली. शिवाय अटॅचमेंट स्टाईल दगडावरची रेघ नाही, भरवशाच्या मैत्रीने, जोडीदाराने, थेरपीने ती मोठेपणीही बदलू शकते.