मेथीचा गुण कडूपणात नाही, बुळबुळीतपणात आहे

नागपुरात अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या मधुमेही मंडळींत कारल्याच्या रसाइतकीच एक समजूतही लोकप्रिय आहे: कडू पोटात गेले की साखर उतरते. जिभेवरच्या चवींची अशी वजाबाकी रक्तात होत नाही. टाइप २ मधुमेहावर कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा उपलब्ध वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला सापडला नाही, आणि कडू निघालेल्या दुधीचा रस तर क्युकरबिटासिन या विषारी कडू द्रव्यामुळे जिवावरही बेतू शकतो.

मेथीदाण्यांची गोष्ट वेगळी आहे. रात्रभर भिजलेले दाणे बोटांनी चोळल्यावर जाणवणारा बुळबुळीतपणा गॅलॅक्टोमॅनन या तंतूचा (फायबरचा) असतो. मॅनोज या शर्करेची लांब साखळी आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक कडीला गॅलॅक्टोजची एक फांदी, अशी त्याची रचना आहे. आपल्या पाचकरसांना ही साखळी तोडता येत नाही, पण ती पाणी भरपूर धरून ठेवते. त्यामुळे जठरातले अन्न घट्ट होऊन सावकाश पुढे सरकते, आणि लहान आतड्यात भातातून सुटलेल्या ग्लुकोजला त्या दाट द्रवातून वाट काढत आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ग्लुकोज रक्तात उतरतेच, मात्र लोंढ्याऐवजी त्याची धार लागते.

हे काम दाटपणाचेच आहे, हे गवारीच्या बियांतील डिंकावरून दिसले. तोही गॅलॅक्टोमॅननच, पण कडू नाही. १९७८ मध्ये संशोधक डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी तो ग्लुकोजच्या पेयात मिसळून निरोगी व्यक्तींना दिला, तेव्हा रक्तातील साखरेची उसळी कमी झाली. त्याच डिंकाच्या साखळ्या तोडून दाटपणा घालवल्यावर मात्र तो परिणाम उरला नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० मधील अभ्यासात टाइप १ रुग्णांच्या आहारात रोज १०० ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड होती, आणि त्यांच्या लघवीतून २४ तासांत जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. हे प्रमाण चमचाभर मेथीच्या कितीतरी पट आहे, हे जाहिराती सांगत नाहीत.

त्यामुळे उपाशीपोटी मेथीचे पाणी पिऊन दाणे फेकून देण्यापेक्षा पूड ज्वारीच्या पिठात मळणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण तंतू आणि पिष्ट पोटात एकाच वेळी असावे लागतात. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा, नाहीतर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. मेथीच्या भाजीकडून मात्र या कामाची अपेक्षा ठेवू नये. हा तंतू पानांत नसून बियांत साठलेला असतो.