ट्रेलरला ओकची ओली फळी चालत नाही?

‘जाडीच्या इंचामागे एक वर्ष वाळवा, मगच ओक या टणक लाकडाची फळी ट्रेलरवर (गाडीमागे जोडायच्या मालवाहू गाड्यावर) ठोका,’ असं अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगतात. हा नियम फर्निचरचा. ट्रेलरच्या तळाला दोन इंच जाडीची फळी करवतीवरून उतरल्या उतरल्या बसवता येते. उलट तेव्हाच भोक सहज पडतं, वाळलेला ओक ड्रिलचं पातं तापवतो. मात्र फळ्या एकमेकींना घट्ट भिडवा. आठ इंच रुंद फळी वाळताना रुंदीत पाव ते अर्धा इंच आकसते आणि त्यामुळे पडलेल्या फटीतून पाणी निघून जातं. साधे खिळे नकोतच: ओकमधलं टॅनिन हे आम्लधर्मी द्रव्य लोखंड खातं, भोवती निळे-काळे डाग उमटतात. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) बोल्ट वापरा, फळी आकसली की पुन्हा आवळा. ओकच्या जातींपैकी शक्यतो व्हाइट ओकच घ्या. रेड ओकच्या लाकडातल्या बारीक उघड्या नळ्यांत पाणी शिरतं, तो लवकर कुजतो.