डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी: मागे मोटार ओढणाऱ्या घराचा मार्ग

अमेरिकेतील डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला रस्त्याने जायचे तर दोन मुख्य मार्ग आहेत. एक मार्ग इंटरस्टेट 70 ने थेट पश्चिमेला रॉकी पर्वत ओलांडतो आणि युटा राज्यात पोहोचल्यावर यूएस 6 या महामार्गाने वायव्येला वळतो. दुसरा उत्तरेला वायोमिंगमध्ये शिरतो आणि लॅरमीपासून इंटरस्टेट 80 ने पश्चिमेला जातो. दोन्ही मार्गांच्या लांबीत फारसा फरक नाही, त्यामुळे साध्या मोटारीला कोणताही चालतो. मात्र अकरा मीटर लांबीच्या मोटरहोममागे, म्हणजे चाकांवरच्या घरामागे, टोबारने (ओढण्याच्या दांड्याने) एक मोटार जोडली, की हेच दोन मार्ग दोन वेगळे प्रश्न होऊन समोर येतात: पहिला डोंगराचा आणि दुसरा वाऱ्याचा.

मुळात मोटार मागे ओढत न्यायचीच कशाला? मुक्कामाच्या जागी मोटरहोम एकदा लावले, पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडण्या केल्या, की किराणा आणायला ते पुन्हा हलवणे कोणालाच नको असते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, कित्येक प्रेक्षणीय रस्ते या आकाराच्या वाहनांना बंदच असतात. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यात 21 फुटांहून, म्हणजे सुमारे 6.4 मीटरहून, लांब वाहनाला प्रवेशच नाही. तेथे मोटरहोम पायथ्याशी ठेवून मोटारीनेच वर जावे लागते.

पेट्रोलवर चालणारी बरीचशी मोठी अमेरिकन मोटरहोम फोर्डच्या एफ-53 या सांगाड्यावर बांधलेली असतात. या सांगाड्याच्या सर्वांत वजनदार प्रकारात वाहन आणि त्याने ओढलेले ओझे यांचे एकत्रित वजन 30,000 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 13,600 किलोंपर्यंत चालते. आपण घर 11,000 किलोंचे आणि मोटार 2,000 किलोंची धरू; एकूण 13 टन. आता हे 13 टन घेऊन इंटरस्टेट 70 ने आयझेनहॉवर बोगद्याकडे निघू. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरवर आहे आणि बोगद्याचे पश्चिमेकडील तोंड 3,401 मीटरवर. वाटेतल्या सहा टक्के चढावर ताशी 72 किलोमीटर वेग राखायचा असेल, तर वाहन दर सेकंदाला 1.2 मीटर उंच चढते, आणि केवळ त्या चढण्यासाठी सुमारे 153 किलोवॅट, म्हणजे 205 अश्वशक्ती लागते. हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण यांसाठी आणखी चाळीसेक किलोवॅट धरावे लागतात.

साडेतीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाला हे सहज झेपावे, असे वाटेल. समुद्रसपाटीवर ते झेपतेही. पण टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर 300 मीटर उंचीमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावते, कारण हवा विरळ झाल्याने प्रत्येक फेऱ्यात सिलिंडरमध्ये येणारा ऑक्सिजन कमी होतो. तीन हजार मीटरवर ताकद 245 अश्वशक्तीवर येते, आणि त्यातलाही काही भाग गिअरबॉक्स व धुऱ्यांमध्ये जातो. मग चालकाने पाय कितीही दाबला, तरी वेग ताशी साठच्या आसपास येऊन थांबतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. उजव्या मार्गिकेत राहावे आणि इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी.

खरी परीक्षा बोगद्यापलीकडे आहे. तेथून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत तेरा-चौदा किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे 700 मीटर खाली येतो आणि उतार काही ठिकाणी सात टक्क्यांचा असतो. तेरा टनांचे वाहन 700 मीटर खाली आणताना सुमारे 89 मेगाज्यूल ऊर्जा कोठे तरी खर्ची घालावी लागते. तुलनेसाठी सांगायचे, तर हेच वाहन ताशी 90 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना सुमारे चार मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे हा घाट निव्वळ ब्रेकवर उतरणे हे भर वेगातून बावीस वेळा, मध्ये थंड व्हायला उसंत न देता, थांबण्यासारखे आहे. एफ-53 चे ब्रेक हायड्रॉलिक आहेत, आणि ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट 3 प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा 140 अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळापर्यंत जाऊनही ब्रेक लागत नाही. या उतारावर अनियंत्रित वाहनांसाठी खडी भरलेल्या दोन सुटका-वाटा बांधलेल्या आहेत, त्या उगाच नव्हेत.

म्हणून ही उष्णता शक्य तितकी इंजिनाच्या माथी मारायची असते. खालच्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरते, हवा ओढण्यात आणि दाबण्यात ऊर्जा खर्च करते, आणि ती उष्णता रेडिएटर व धुरांड्यावाटे बाहेर जाते. वेग कमी ठेवल्याने एकूण उष्णता घटत नाही, पण ती अधिक वेळात निर्माण होते आणि ब्रेकना थंड व्हायला सवड मिळते. ब्रेक लावायचाच, तर ठरवलेल्या वेगाच्या आठेक किलोमीटर खाली येईपर्यंत ठामपणे लावावा आणि पूर्ण सोडावा. पाय सतत टेकवून ठेवू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही आपल्याकडच्या जुन्या चालकांची शिकवण याच भौतिकशास्त्रावर उभी आहे, आणि डिझेल वाचवण्यासाठी खंडाळ्याच्या घाटात ट्रक न्यूट्रलवर सोडणारे नेमके तेच विसरतात. मागच्या मोटारीलाही स्वतःचा ब्रेक लागावा, यासाठी तिच्या पेडलवर दाब देणारे उपकरण बसवतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठरावीक वजनापुढे ते कायद्यानेच बंधनकारक आहे. काही जोडपी मोठ्या घाटाआधी मोटार सोडतात आणि एकाने घर, दुसऱ्याने मोटार असे घाट उतरतात. माझ्या मते हा उपाय सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण त्याने उष्णतेचा सुमारे 15 टक्के भार एका झटक्यात कमी होतो.

आता वायोमिंगचा मार्ग. इंटरस्टेट 80 चा सर्वोच्च बिंदू 2,633 मीटरवर आहे, म्हणजे आयझेनहॉवर बोगद्याहून पाऊण किलोमीटरहून अधिक खाली. सॉल्ट लेक सिटीआधीच्या पार्लीज कॅन्यनमध्ये येथेही सहा टक्क्यांचा उतार आहेच, पण तेथील सातशेएक मीटरचे उतरणे अधिक लांबीवर विभागलेले आहे. येथे छळतो तो वारा. लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात, विशेषतः हिवाळ्यात, तो इतका जोरात वाहतो की, हलक्या आणि उंच वाहनांना महामार्ग वेळोवेळी बंद केला जातो. मोटरहोमची एक बाजू साधारण 36 चौरस मीटरची असते. ताशी 70 किलोमीटरचा वारा तिच्यावर काटकोनात आदळला, तर विरळ हवेचा हिशेब धरूनही, सुमारे 700 किलो वजनाइतका आडवा जोर बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वारा समोरून असेल, तर झळ इंधनाला लागते: ताशी 90 ने जाताना समोरून ताशी 50 चा वारा आला, तर हवेचा विरोध जवळपास अडीचपट होतो. लिटरमागे मुळातच तीन-चार किलोमीटर देणाऱ्या वाहनाला हे परवडत नाही.

डोंगर जागचा हलत नाही, वारा मात्र रोज बदलतो. म्हणून पहिल्या मार्गाचे नियोजन आठवडाभर आधी करता येते, दुसऱ्याचे त्याच दिवशी सकाळी वायोमिंगच्या रस्ते विभागाची सूचना पाहूनच करावे लागते. उन्हाळ्यात, शांत हवेत, सुरक्षिततेचा विचार करणारा चालक बहुधा इंटरस्टेट 80 निवडेल.

मार्ग कोणताही निवडला, तरी एक बंधन सुटत नाही: मोटार जोडलेली असताना मागे जाता येत नाही. पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे पुढे ओढले जाताना चाके आपोआप सरळ होतात, जशी बाजारातल्या ढकलगाडीची छोटी चाके होतात. उलट दिशेने ढकलले, की हाच कल चाकांना पूर्ण एका बाजूला वळवतो, मोटार आडवी घासू लागते आणि टोबार वाकण्याची वेळ येते. मोटार सोडवायची म्हटली, तरी वळणावर किंवा उतारावर टोबारच्या खिळी ताणाखाली अडकून बसतात. नकाशाच्या साध्या ॲपला यातले काही ठाऊक नसते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीच्या वंशातील गणिते प्रत्येक रस्त्याला एक किंमत देतात आणि सर्वांत स्वस्त साखळी शोधतात. ॲपच्या लेखी ही किंमत मुख्यतः वेळेची असते, आणि चुकलेल्या वळणानंतर ‘यू-टर्न घ्या’ असे ते बिनदिक्कत सांगते. मोटरहोमसाठीच्या नॅव्हिगेशन यंत्रात उंची, वजन, लांबी आणि स्वयंपाकाच्या गॅसची टाकी यांची माहिती भरता येते, म्हणजे ठेंगण्या पुलांखालचे आणि गॅसला मनाई असलेल्या बोगद्यांतले रस्ते गणितातून आधीच वगळले जातात.

तरीही शेवटचे काहीशे मीटर उपग्रह-छायाचित्रात स्वतः पाहून ठेवलेले बरे. सतरा-अठरा मीटरची ही जोडी पेट्रोल पंपावर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडू शकेल का, दुकानाच्या वाहनतळाला दोन दारे आहेत का, हे वरून घेतलेल्या चित्रात लगेच कळते. मुक्कामाची जागा आरक्षित करतानाही आरपार निघता येणारीच मागावी. अशी जागा थोडी महाग पडते, पण एका रात्रीच्या थांब्यासाठी मोटार सोडावी लागत नाही आणि सकाळी सरळ निघता येते.