आधी वेल्डिंग संपवा, मग आम्हाला बोलवा
(पोलादी बोटींचे मालक, सारंग आणि तांडेल यांच्यासाठी होकायंत्राविषयी माहितीपत्रक)

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आम्हा होकायंत्र जुळवणाऱ्यांना फोन खाली ठेवायची सोय नसते. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते, 1 ऑगस्टला बोटी बाहेर पडायच्या असतात, आणि स्लिपवेवरून उतरलेल्या प्रत्येक बोटीला त्याच चार दिवसांत होकायंत्र 'सेट' करून हवं असतं. टग (जहाजं ओढणारी बोट) आणि बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) यांच्या मालकांना मोसम नसतो, पण त्यांचा सर्व्हेयर कायम 'उद्या' यायचा असतो. आम्ही शक्यतो कुणालाच नाही म्हणत नाही. मात्र एकाच बोटीवर आठवड्यात दोनदा जाण्याची वेळ हल्ली फार येते, आणि कारण बहुतेक वेळा तेच असतं. म्हणून हे पत्रक छापलं.

होतं असं. आम्ही बोट बाहेर काढून फिरवतो, चुंबक लावतो, डेव्हिएशन कार्ड (कोणत्या दिशेला होकायंत्र किती चुकतं त्याचा तक्ता) लिहून व्हीलहाउसमध्ये, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, अडकवतो आणि उतरतो. दुसऱ्या दिवशी वेल्डर येतो. टपावर रडारचा स्टँड राहिलेला असतो, खिडकीखाली एक ब्रॅकेट मारायचं असतं, दाराचा बिजागर बदलायचा असतो. संध्याकाळी फोन येतो, "साहेब, काल तुम्ही करून गेलात आणि आज दहा अंश चुकतंय." होकायंत्र कालचंच असतं, पण बोट आता कालची राहिलेली नसते.

बोटच चुंबक असते

लाकडी होडीतल्या होकायंत्राला फक्त पृथ्वीचं ऐकायचं असतं. पोलादी बोटीत त्याच्या चारही बाजूंना लोखंड असतं आणि ते लोखंड स्वतःच चुंबक झालेलं असतं. बांधणीच्या वेळी बोट महिनोन्‌महिने एकाच दिशेला नाळ (बोटीचं पुढचं टोक) करून उभी असते. त्यात घणाचे घाव, वेल्डिंगचा ताव, ग्राइंडरची थरथर. या सगळ्यात पृथ्वीचं चुंबकत्व पत्र्यात मुरतं, लोणच्यात मीठ मुरावं तसं. एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन जुळ्या बोटी, एकीची नाळ यार्डात उत्तरेला आणि दुसरीची पूर्वेला असेल, तर दोघींची होकायंत्रं वेगवेगळी चुकणार.

याखेरीज काही लोखंड असं असतं की त्यात काही मुरत नाही. बोट जिकडे वळेल त्याप्रमाणे ते तेवढ्यापुरतं चुंबक होतं आणि पुन्हा बदलतं. या दोन्हींमुळे चूक प्रत्येक दिशेला निराळी पडते. उत्तरेला जाताना 2 अंश एकीकडे, दक्षिणेला 7 अंश दुसरीकडे. "किती चुकतं तेवढं सांगा, आम्ही वजा करू," असं पुष्कळजण म्हणतात. एक आकडा असता तर आम्ही फोनवरच सांगितला असता. आठ दिशांचे आठ आकडे असतात, आणि ते बोट फिरवल्याशिवाय कळत नाहीत.

आम्ही नेमकं काय करतो

"दोन चुंबक सरकवायचे एवढे पैसे?" हा प्रश्न तोंडावर कमी आणि पाठीमागे जास्त विचारला जातो, म्हणून इथेच उत्तर देतो.

बिनॅकलच्या, म्हणजे होकायंत्र बसवलेल्या खांबाच्या, पोटात चुंबकाच्या कांड्यांचे दोन कप्पे असतात, एक बोटीच्या लांबीला धरून आणि एक आडवा. पूर्व-पश्चिमेला जाताना पडणारी चूक पहिल्याने मारायची, उत्तर-दक्षिणेची दुसऱ्याने. एका दिशेला चूक पूर्ण काढायची, नेमक्या उलट दिशेला जेवढी उरेल तिच्यातली अर्धीच काढायची. मग बोट ईशान्य, आग्नेय अशा मधल्या दिशांवर आणून दोन बाजूंचे लोखंडी गोळे आत-बाहेर करायचे. बरोबर मधोमध, खाली, एक उभं चुंबक असतं. बोट लाटेवर कलली की सुई झोकांड्या खाते, ती त्याने शांत होते. हे सगळं झाल्यावर पुन्हा एक पूर्ण फेरी, आणि उरलेली चूक दिशेवार कार्डावर.

खरी दिशा आम्ही सूर्यावरून घेतो, किंवा लांबच्या खुणेवरून. लांबची म्हणजे खरोखर लांबची. खूण 6 सागरी मैलांवर असेल आणि फिरताना बोट 100 मीटर इकडे-तिकडे झाली, तरी फरक अर्ध्या अंशाचाच पडतो. मैलभरावरच्या खुणेला तोच फरक 3 अंशांचा होतो. म्हणून "जेट्टीलाच करून टाका ना" याला आमचा नकार असतो. जेट्टीला बोट फिरत नाही, शेजारी क्रेन असते, धक्क्याच्या काँक्रीटमध्ये सळ्या असतात आणि पलीकडे दुसरी बार्ज. तिथे लिहिलेलं कार्ड जेट्टीला बांधलेल्या बोटीपुरतंच खरं.

जुलैत सूर्य दिसत नाही आणि पावसाच्या सरीत लांबची खूणही पुसली जाते. त्यामुळे 'सगळ्यात शेवटी बोलवा' याचा अर्थ 'शेवटच्या दिवशी बोलवा' असा घेऊ नका. वेल्डिंग, रंग, वायरिंग संपल्यावर आणि निघायच्या आधी दोन-तीन दिवस हाताशी ठेवून बोलवा.

रंगावरून आठवलं. ते दोन गोळे काढून घासून रंगवतात, लाल आणि हिरवा, छान दिसतात. परत लावताना एक इंच आत लागतो आणि दुसरा जुन्या जागी. रंगवायचेच असतील तर जागेवरच रंगवा, नाहीतर काढण्याआधी खिळ्याने खूण करा. कप्प्यातल्या कांड्यांना मात्र कुणी हात लावू नये, अगदी "जरा बघतो" म्हणूनही.

व्हीलहाउसमधलं सामान

एका टगवर आम्ही कार्ड लिहून गेलो आणि चौथ्या दिवशी तक्रार आली. जाऊन पाहिलं तर वेल्डिंग नाही, काही नाही. होकायंत्राच्या शेजारी, डॅशबोर्डवर छोटा गणपती. सुंदर मूर्ती, बुडाला चुंबक, लाटेत पडू नये म्हणून. सारंगाला म्हटलं, "तुम्हीच हात लावा." त्याने नमस्कार करून मूर्ती उचलली आणि आमच्या डोळ्यांसमोर सुई 11 अंश सरकून जागेवर आली. बाप्पा आता मागच्या लाकडी फळीवर आहेत, डबल टेपवर.

तसंच मोबाइलच्या चुंबकवाल्या स्टँडचं, ब्लूटूथ स्पीकरचं, बुडाला चुंबक असलेल्या टॉर्चचं, वॉकीटॉकीचं आणि खिडकीच्या वायपरच्या मोटरचं. लोखंडी कोयता किंवा पाना बिनॅकलवर ठेवायची सवय असेल तर ती मोडा. रडार, व्हीएचएफ (रेडिओ), साउंडर (पाण्याची खोली मोजणारं यंत्र) अशा जहाजी उपकरणांच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं. ते अंतर बघूनच जागा ठरवा. इलेक्ट्रिशियन वायर जिथवर पुरते तिथे पेटी मारतो.

वायरीसुद्धा खेळ करतात. डीसीची एकटी वायर होकायंत्राजवळून गेली की दिवा लावला रे लावला, सुई हलते. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन नेली की त्रास जातो. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. बोट शांत पाण्यात बांधलेली असताना एकाने होकायंत्राकडे बघत राहायचं आणि दुसऱ्याने एकेक बटण चालू-बंद करायचं. सर्चलाइट, वायपर, पंखा, हॉर्न. कशाने सुई हलली ते लिहून ठेवा आणि आम्ही आलो की दाखवा. आमचा तास वाचतो, आणि बिलात तो तुमचाही वाचतो.

एवढ्याशा वायरीने काय होतं, असं वाटत असेल तर मुंबईसमोरच्या अलिबागकडे बघा. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी 1841 पासून घेतल्या जात होत्या. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार असं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं गेलं. खाडीपार वेधशाळा नेली लोकांनी. तुमचा स्पीकर दोन हात सरकवायला काय हरकत आहे?

"जीपीएसवर वेगळं दाखवतं"

आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. जीपीएस 250 दाखवतं, होकायंत्र 241, म्हणजे होकायंत्र खोटं. तसं नाही. साधं जीपीएस बोट कुठे सरकते आहे ते सांगतं, तिची नाळ कुठे आहे ते सांगत नाही. भरलेली बार्ज 6 नॉटने (तासाला 6 सागरी मैल) चालली आहे आणि आडवा प्रवाह 1 नॉटचा आहे, एवढ्यावरच दोन्ही आकड्यांत 9-10 अंशांचा फरक पडतो, आणि दोन्ही खरे असतात. बोट थांबलेली असेल तर जीपीएसचा दिशेचा आकडा वाट्टेल तसा फिरतो. तुलना करायचीच तर भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात, वारा नसताना, सरळ चालीवर करा.

भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक, म्हणजे व्हेरिएशन, मुंबईत एका अंशाहूनही कमी आहे. केपटाउनला तो 25 अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे आपल्याकडे मोठी चूक दिसली तर ती पृथ्वीच्या माथी मारता येत नाही, ती बोटीचीच.

मग जीपीएस असताना होकायंत्र हवं कशाला? कारण वीज गेली की बाकी सगळं गप्प होतं आणि हे चालू राहतं. समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय सोलास करारातही ज्या जहाजांना तो लागू आहे त्यांना, लहान असोत की मोठी, नीट जुळवलेलं चुंबकीय होकायंत्र किंवा विजेशिवाय दिशा दाखवणारं दुसरं साधन ठेवायला सांगितलं आहे. आणि 5 अंशांची चूक घेऊन 60 मैल गेलात, तर पोचताना 5 मैल बाजूला असता. धुक्यात आणि पावसात 5 मैल म्हणजे बंदराऐवजी खडक.

नवी बोट, जुनी बोट, परदेशी बोट

नव्या बोटीला आम्ही तीन-चार महिन्यांनी पुन्हा बोलावतो. ही आमची कमाईची युक्ती आहे असा समज आहे. तसं नाही. 1854 मध्ये टेलर नावाचं कोरं लोखंडी जहाज लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाला निघालं आणि दोनच दिवसांत आयर्लंडच्या लँबे बेटावर फुटलं. तीनशेहून अधिक माणसं गेली. त्याची होकायंत्रं एकमेकांशी जुळत नव्हती. इंग्रज दर्यावर्दी आणि शास्त्रज्ञ विल्यम स्कोर्सबी म्हणत होते की यार्डात मुरलेलं चुंबकत्व पहिल्या लाटांच्या माराने बदलतं, आणि ते दाखवायला 1856 मध्ये ते रॉयल चार्टर जहाजावरून स्वतः ऑस्ट्रेलियाला गेले. नव्या बोटीचं लोखंड अजून निवायचं असतं, एवढंच. दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही कमी घेतो, पण घेतो.

जुन्या बोटीला सर्वसाधारण नियम दोन वर्षांचा. ठोकपीट झाली, मोठं यंत्र बदललं किंवा बोट एकाच दिशेला तोंड करून फार दिवस पडून राहिली, तर त्याआधी. भंगार किंवा पोलादी कॉइल चुंबकवाल्या क्रेनने चढवली-उतरवली असेल तर लगेच.

युरोपातून आणलेल्या सेकंडहँड टगबरोबर तिथलं कार्ड येतं. ते फ्रेम करून ठेवा, वापरू नका. सुईला धरून ठेवणारा पृथ्वीचा आडवा जोर आपल्याकडे इंग्लंडच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यामुळे बोटीत मुरलेल्या चुंबकत्वाची चूक इथे साधारण निम्मी होते, आणि तेवढ्यापुरतं चुंबक होणाऱ्या लोखंडाची चूक तशीच राहते. सगळं गणितच बदलतं. शिवाय सुई तिकडे इथल्यापेक्षा जास्त खाली झुकते, त्या झुकावासाठी तोललेली होकायंत्राची तबकडी इथे एका बाजूला कलते.

मुंबईच्या दारूखान्यातून (जुन्या जहाजी सामानाचा बाजार) जुनं होकायंत्र घेणार असाल तर आधी आम्हाला दाखवा. बघायचे पैसे घेत नाही. तबकडीला बोटाने न शिवता, बाहेरून छोटं चुंबक दाखवून 20-30 अंश ढकला आणि चुंबक दूर करा. ती पुन्हा त्याच आकड्यावर आली पाहिजे. कुठेतरी अडकून थांबली तर ती ज्या टोकावर फिरते ते झिजलंय. आतल्या द्रवात बुडबुडा असेल तर स्वतः काही ओतू नका. एकदा एकाने डिझेल भरलं होतं, तबकडीवरचे आकडे वाटीच्या तळाशी सापडले.

"शून्य का नाही केलं?"

पोलादी बोटीवर सगळ्या दिशांना शून्य येत नाही. एक-दोन अंश उरतात आणि तेच कार्डावर असतात. कार्डावर सगळीकडे शून्य लिहून देणारे बाजारात आहेत, स्वस्तही आहेत. ते बोट फिरवतात की नाही, ते तुम्ही डेकवर उभे राहून बघा.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: बोट कुठे बांधली आहे, भरती किती वाजता, मागचं कार्ड कोणत्या तारखेचं, आणि वेल्डर बोटीवरून कधी उतरला. शेवटचा प्रश्न आम्ही तिथे आल्यावर पुन्हा विचारतो. डेकवर वेल्डिंगची केबल पसरलेली दिसली तर आमची पेटी उघडत नाही, चहा पिऊन परत जातो, आणि येण्या-जाण्याचा खर्च बिलात लागतो.