टायबेरियसविषयी कोणाचे ऐकावे?

इ. स. १४ ते ३७ या काळात रोमवर राज्य केलेला टायबेरियस माणूस म्हणून कसा होता, हे आपण कोणाचा ग्रंथ उघडतो त्यावर ठरते. वेलेयस पॅटर्क्युलस हा त्याच्या मोहिमांत घोडदळाचा अधिकारी होता आणि त्याने आपला इतिहास इ. स. ३० मध्ये, म्हणजे सम्राट हयात असतानाच लिहिला. आजारी अधिकाऱ्यांसाठी टायबेरियसचे वैद्य, त्याचा मुदपाकखाना, स्नानाचे साहित्य आणि स्वतःची पालखीसुद्धा खुली असे व त्या पालखीचा लाभ आपणही घेतला आहे, असे तो सांगतो. ही साक्ष प्रत्यक्षदर्शीची असली तरी उपकृताचीही आहे. त्याच ग्रंथात सम्राटाचा विश्वासू सेजेनस याचे गुणगान आहे आणि पुढच्याच वर्षी टायबेरियसने त्याच सेजेनसचा काटा काढला.

इतिहासकार टॅसिटसने लिहिले ते टायबेरियसच्या मृत्यूनंतर सुमारे आठ दशकांनी. सम्राट डोमिशियनच्या जुलमी राजवटीत सिनेटर म्हणून वावरलेल्या या लेखकाला टायबेरियस मनातले कधीही उघड न करणारा, ढोंगी सत्ताधीश वाटतो. राग आणि पक्षपात टाळून लिहीन, असे वचन त्याने आरंभीच दिलेले आहे. ते त्याने कितपत पाळले याविषयी मात्र शंका घ्यायला जागा आहे. सम्राट हेड्रियनच्या दरबारात पत्रव्यवहार सांभाळणारा स्यूटोनियस कालक्रमापेक्षा विषयवार मांडणी करतो. त्यामुळे कॅप्री बेटावरील किळसवाण्या कथा आणि इ. स. ३३ च्या आर्थिक संकटात तीन वर्षांसाठी बिनव्याजी दिलेले १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) त्याच्या एकाच चरित्रात वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतात.

या मतभेदांची कसोटी लागते ती जर्मानिकसच्या मृत्यूच्या प्रकरणात. सम्राटाचा हा लोकप्रिय दत्तकपुत्र इ. स. १९ मध्ये अँटिऑकजवळ मरण पावला आणि सीरियाचा सुभेदार पिसो याच्यावर विषप्रयोगाचा आळ आला. खटला चालू असतानाच पिसोने आत्महत्या केली. सम्राटाच्या गुप्त सूचनांचा कागद पिसोच्या हातात अनेकदा दिसे, असे आपण वृद्धांकडून ऐकले, असे टॅसिटस लिहितो आणि लगेच, आपण याची खात्री देत नाही, असेही जोडतो. मला ही त्याची सर्वांत धूर्त युक्ती वाटते: जबाबदारी घ्यायची नाही, पण संशय वाचकाच्या मनात पेरून ठेवायचा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण स्पेनमध्ये या खटल्यावरील सिनेटचा ठराव कांस्यपत्रांवर कोरलेला सापडला आणि १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पिसोची पत्नी प्लान्सिना हिला सम्राटमाता लिव्हियाच्या शब्दाखातर सोडले, हे टॅसिटसचे विधान ठरावाने खरे ठरवले. फरक आहे तो सुरात: सिनेट या विनंतीचा आदराने उल्लेख करते, तर टॅसिटसचा टायबेरियस ती करताना लाजेने खाली मान घालतो. एक अडचण मात्र सुटलेली नाही. ठरावावर इ. स. २० मधील १० डिसेंबर ही तारीख आहे, आणि टॅसिटसच्या क्रमानुसार खटला त्याच वर्षीच्या मे महिन्याअखेरच्या एका सोहळ्याआधी संपतो. क्रम टॅसिटसने बदलला, की निकालानंतर ठराव कोरून जाहीर करायला सिनेटलाच महिने लागले, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.