पंख आहेत, आकडा आहे, तरी ती मादी नव्हे

उत्तर अमेरिकेतल्या मोहावी किंवा सोनोराच्या वाळवंटात रात्री दिव्यामागे पांढरी चादर टांगली की फिकट तपकिरी, सडपातळ गांधीलमाश्या येऊन बसतात. कुणीतरी वरून फोटो काढतो आणि खाली ‘वेल्व्हेट अँटचा नर’ (नावात मुंगी असली तरी हीसुद्धा गांधीलमाशीच) असं लिहून मोकळा होतो. कधी ते बरोबर निघतं. पण त्यांतल्या कितीतरी ब्रॅकिसिस्टिस नावाच्या किंवा तिच्या जवळच्या गांधीलमाश्या असतात, आणि त्या वेल्व्हेट अँटच्या म्युटिलिडी कुळातल्या नव्हेत.

वेल्व्हेट अँटची मादी माहीत असेलच: बिनपंखी, केसाळ, जबर डंख मारणारी. स्फेरोप्थॅल्मा, ओडोंटोफोटॉप्सिस या रात्री उडणाऱ्या प्रजातींचे नर तिच्याशी मुळीच जुळत नाहीत. ब्रॅकिसिस्टिसची मादीही बिनपंखीच. म्हणजे दिव्यावर उडत आलेला यांतला कुठलाही प्राणी नरच.

फिका रंग आणि डोक्यावरचे तीन फुगीर साधे डोळे बघून निकाल देऊ नका. अंधारात उडणाऱ्या वेगवेगळ्या कुळांत हे दोन्ही दिसतं. त्यावरून ती रात्री उडते एवढंच कळतं, आणि ते तर ती दिव्यावर आली तेव्हाच कळलं होतं.

खरी गोम पोटाच्या टोकाला आहे, म्हणून फोटो बाजूने हवा. ब्रॅकिसिस्टिसच्या नराला तिथे वर वळलेला, अणकुचीदार आकडा असतो. पोटाच्या सगळ्यात शेवटच्या, खालच्या पट्टीचंच ते टोक. लोक त्याला नांगी समजतात, नांगी म्हणून मादी ठरवतात आणि मग मादीला पंख कसे यावर वाद घालत बसतात! नांगी ही अंडी घालण्याच्या अवयवापासूनच घडलेली, त्यामुळे नराला ती असण्याचा प्रश्नच नाही. चिमटीत धरलं तर तो पोट वाकवून टोचल्याचा आव आणतो, पण त्यात विष नसतं. तरीही खात्री पटत नसेल तर भिंगाखाली मिशांचे खंड मोजा: नराचे 13, मादीचे 12.

आकडा दिसला की वेल्व्हेट अँट बाद. तो नसेल तर पोटाच्या दुसऱ्या खंडाची कड बघा. म्युटिलिडीच्या बहुतेक नरांत तिथे आखूड, दाट केसांची, शरीराच्या लांबीच्या दिशेने जाणारी एक बारीक रेघ असते. रात्रीच्या जातींत सोबत डोक्याच्या बाजूचे मोठे डोळे मण्यासारखे गोल, चकचकीत. ब्रॅकिसिस्टिसला ही रेघ नसते. (पोट दोन्ही बाजूंनी चपटं आणि मिशा लांबलचक असतील तर ती ऑफिऑनसारखी इक्न्यूमन, म्हणजे तिसऱ्याच कुळातली गांधीलमाशी. तिच्यावर शब्द खर्चायला नकोत.)

जातीपर्यंत पोहोचायचं तर बहुतेकदा नराचं जननांग भिंगाखाली तपासावं लागतं. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की एकाच जातीला दोन नावं पडल्याचीही उदाहरणं आहेत. त्यामुळे वरून काढलेल्या फोटोखाली कुणी थेट जातीचं नाव ठोकून दिलं असेल तर मी ते वाचायच्या भानगडीत पडत नाही.